पर्व नेमकं कुठे संपलं? साडेदहाच्या स्लॉटमधल्या एका मराठी मालिकेचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी रहस्यमालिकेचं आहे, काही वर्षांपूर्वीचं. रात्री साडेदहाचा स्लॉट, सोमवार ते गुरुवार. चॅनेलबरोबरच्या करारात स्वच्छ लिहिलं होतं: २६ आठवडे, आठवड्याला ४ भाग, एकूण १०४ भाग आणि समाप्त. झाले १२४. आणि हे १२४ मिळून एक सीझन धरायचा, की १०४ चा सीझन आणि त्याच्यावर २० भागांचं वेगळं काहीतरी, हा वाद पुढे दोन वर्षं चालला, त्यात एका लेखकाचे पैसे अडकले, चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आणि दुसऱ्या सीझनचं काम सुरू व्हायच्या आधीच वकिलांकडे गेलं. मी तेव्हा प्रॉडक्शनच्या बाजूनं एपिसोडचा चार्ट सांभाळत होते, म्हणजे कुठला भाग कधी शूट, कधी एडिट, कधी चॅनेलला डिलिव्हरी आणि कधी टेलिकास्ट. मालिकेचं, चॅनेलचं, माणसांचं, कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण बरेच जण अजून इथेच काम करतायत आणि नावांशिवायही सगळं कळतं.

आधी १०४ हा आकडा कुठून आला ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टीव्हीच्या धंद्यातला जुना आकडा आहे १३. वर्षाचे ५२ आठवडे, त्याच्या चार तिमाह्या केल्या की प्रत्येकी १३ आठवडे, स्पॉन्सर पैसे लावणार तिमाहीच्या हिशोबानं, म्हणून कार्यक्रमही तेराच्या पटीत. अमेरिकेत १९५० च्या दशकात एका सीझनला ३९ भाग असणं नेहमीचं होतं, म्हणजे तीन तिमाह्या नवे भाग आणि उन्हाळ्याची चौथी तिमाही रिपीट नाहीतर बदली कार्यक्रम. पुढे खर्च वाढत गेला तसे भाग कमी होत होत २२-२४ वर आले पण चौकट तीच राहिली, सप्टेंबरच्या शेवटी सुरू आणि मे महिन्यात बंद. तिकडे उन्हाळ्यात लोक बाहेर असतात, टीव्ही कमी बघतात, शिवाय गाड्यांची नवी मॉडेल्स सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास यायची आणि गाड्यांच्या कंपन्या मोठ्या जाहिरातदार, त्यामुळे वर्षाची सुरुवात तिथून धरली गेली. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, जुलै हे रेटिंगच्या मोठ्या मोजणीचे महिने, त्यांना स्वीप्स म्हणतात, दमदार भाग तेव्हासाठी राखून ठेवायचे. २२ भाग साधारण ३५ आठवड्यांत पसरवायचे म्हटल्यावर मध्ये रिपीट आणि सुट्ट्या येणारच, आणि तिथल्या प्रेक्षकाला त्याची सवय असते.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात हेच तेरा चालायचं. मालिका मंजूर व्हायची १३ भागांसाठी, चालली तर आणखी १३, मोठी असेल तर एकदम २६ किंवा ५२. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं तेव्हा ५२ भागांचं ठरलेलं होतं, लोकांनी एवढं डोक्यावर घेतलं की ते ७८ वर गेलं आणि ३१ जुलै १९८८ ला थांबलं. ५२ म्हणजे चार तेरा, ७८ म्हणजे सहा तेरा. वाढवून सुद्धा एकूण आकडा तेराच्याच पटीत राहिला. आणि लोकांना लव-कुशाची गोष्ट पण हवी होती तेव्हा ती ७९ वा भाग म्हणून शेपटीला जोडली नाही, काही महिन्यांनी उत्तर रामायण म्हणून स्वतंत्र नावानं आणली. हे उदाहरण मी आमच्या मीटिंगमध्ये दोनदा दिलं होतं. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही पण मला अजूनही वाटतं की १९८८ मध्ये जे समजत होतं ते आपण मध्येच कुठेतरी विसरलो.

विसरलो ते डेली सोपमुळे, आणि त्यात डेली सोपला वाईट म्हणायचा हेतू अजिबात नाही, अर्धी इंडस्ट्री त्यावर जगते. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर एकाच रात्री दोन कार्यक्रम सुरू झाले, नऊ वाजता कौन बनेगा करोडपती आणि साडेदहाला क्योंकि सास भी कभी बहू थी. पहिल्याचे पुढे सीझन झाले कारण त्याला सेट लावायचा आणि उतरवायचा दिवस असतो, सूत्रसंचालकाच्या डेट्स ठराविक असतात. दुसरी नोव्हेंबर २००८ पर्यंत अखंड चालली, १८०० च्या वर भाग, आणि तिचा दुसरा सीझन आला थेट जुलै २०२५ मध्ये. मराठीत चार दिवस सासूचे २००१ ते २०१३ चाललं, तीन हजारांच्या वर भाग झाले. अशा मालिकेला सुट्टी परवडत नाही. प्रेक्षक जेवणाचं ताट घेऊन ठराविक वेळी ठराविक चॅनेल लावतो, ती सवय दोन महिने मोडली की तो शेजारच्या चॅनेलवर गेला आणि परत येईल याची खात्री कुणी देत नाही. बार्कचा, म्हणजे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचा, आकडा दर गुरुवारी येतो, शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून, आणि गोष्ट पुढच्या आठवड्यात कुठे वळणार हे त्या गुरुवारी दुपारी ठरतं. अशी मालिका कधी संपते, तर स्लॉटला दुसरं काहीतरी चांगलं मिळालं की. म्हणजे शेवट गोष्टीच्या बाहेर ठरतो.

आमची मालिका या सगळ्याला अपवाद म्हणून विकली गेली होती. ठरलेले भाग, ठरलेला शेवट, पहिल्या दिवसापासून खुनी कोण ते लेखकाला माहीत. चॅनेलच्या मॅडमना स्वतःला ही कल्पना मनापासून आवडली होती आणि त्यांनी वरच्या लोकांशी भांडून ती मंजूर करून घेतली होती, ते श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे.

आता चार्ट. लाँच धरला होता मेच्या पहिल्या सोमवारी. त्या वर्षी गणेश चतुर्थी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी. म्हणजे आमचा एकोणिसावा आठवडा, भाग ७६. आणि मराठी मालिकेत गणपती हा सेटच्या सजावटीचा विषय नसतो, मालिकेतल्या घरात गणपती आपल्या घरातल्या गणपतीच्याच दिवशी बसला पाहिजे, वटपौर्णिमा, मंगळागौर, नवरात्र, दिवाळी पाडवा, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं खऱ्या कॅलेंडरला बांधलेलं. त्या आठवड्यांना प्रेक्षकही जास्त आणि जाहिरातीही जास्त, गणपती ते दिवाळी हा आपल्याकडचा खरा कमाईचा काळ. आमच्या लेखकानं ही अडचण न मानता तिचाच उपयोग केला होता. त्याच्या गोष्टीत वाड्यातला गणपती वीस वर्षं बसलेला नाही, तो या वर्षी पहिल्यांदा बसतो, त्यासाठी माजघराची बुजवलेली खोली उघडतात आणि घरातल्या एकाच बाईला कळतं की वीस वर्षांपूर्वी काय झालं आणि कुणी केलं. हे ७६ व्या भागात. मग उरलेले २८ भाग ती सांगणार की गप्प बसणार, आणि १०४ वा भाग दिवाळीच्या आधल्या गुरुवारी. मी इतकी चोख आखणी तोवर पाहिली नव्हती.

एप्रिलच्या शेवटी निरोप आला की लाँच जूनच्या तिसऱ्या सोमवारी. सहा आठवडे पुढे. कारण आमच्या आधी त्या स्लॉटला जी मालिका होती ती संपता संपता लोकांनी अचानक उचलून धरली, शेवटच्या ट्रॅकला टीआरपी चांगला येत होता, आणि मेच्या अखेरपर्यंत आयपीएल होती, तर चॅनेलचा विचार असा की आयपीएल संपू दे आणि मग नवीन सुरू करू. चॅनेलच्या जागी बसून बघितलं तर चुकीचं काहीच नाही. पण आमच्याकडे १४ भाग बँकमध्ये, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले, तयार होते, घोडबंदर रोडवरच्या सेटचं भाडं चालू होतं, आणि पैसे भाग टेलिकास्ट झाल्यावर मिळणार, म्हणजे निर्माते सहा आठवडे स्वतःच्या खिशातून युनिट सांभाळणार. वर आणखी एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. वाड्याचे बाहेरचे सीन आम्ही सावंतवाडीच्या बाजूला एप्रिलमध्ये एकदम उरकले होते, तेव्हा तिथला डोंगर करपलेला असतो, आणि मे-जूनमध्ये टेलिकास्ट झाला तर कोकण तसंच दिसतं, कुणाला खटकत नाही. सहा आठवडे सरकल्यावर तेच सीन जुलैमध्ये लागणार, जेव्हा बघणाऱ्याच्या खिडकीबाहेर धो धो पाऊस आणि कोकणात हिरवंगार. ते सगळे सीन पुन्हा करावे लागले.

पण खरा घाव गणपतीचा होता. लाँच सरकला, गणेश चतुर्थी सरकत नाही. आता ती आली तेराव्या आठवड्यात, भाग ५२. बरोब्बर अर्ध्यावर.

सेटवरच मीटिंग झाली, मेकअप रूमच्या बाजूच्या खोलीत. मॅडमचं म्हणणं सरळ होतं, "सर, गणपती पुढे ढकलता येत नाही, गोष्ट ढकला." दिग्दर्शक सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, बावन्नाव्या भागात खुनी कळला तर उरलेले बावन्न भाग मी काय दाखवू?" एक पर्याय असा आला की खोली ७६ व्या भागातच उघडू, गणपती साधाच बसवू. पण मग बंद पडलेला गणपती पुन्हा बसतो हे गोष्टीचं मूळच वाया गेलं, आणि गणपतीच्या आठवड्यात, जेव्हा सगळ्यात जास्त लोक बघणार, तेव्हा आमच्याकडे दाखवायला आरती आणि मोदक. दुसरा पर्याय म्हणजे मालिका ७८ भागांची करा, तेही तेराच्या पटीत बसतं. मला तो आवडला होता पण चॅनेलला २६ आठवडे स्लॉट भरून हवा होता.

लेखक दोन दिवस कुणाचा फोन घेत नव्हता आणि मग त्यानं जे आणलं ते मी आजही नव्या मुलांना दाखवते. गणपतीला, ५२ व्या भागात, एवढंच कळतं की वीस वर्षांपूर्वीचा तो अपघात नव्हता, खून होता. कुणी केला ते लक्ष्मीपूजनाला. दिवाळी आता आमच्या एकविसाव्या आठवड्यात येत होती, लक्ष्मीपूजन बुधवारी, भाग ८३. मग उरतात २१ भाग. म्हणजे एका धक्क्याचे दोन झाले आणि शेवटचा टप्पा २८ वरून २१ वर आला. माझ्या मते हा आराखडा मूळच्यापेक्षा सरस झाला, पण तो फुकट झाला नाही, तीसेक भागांची वनलाइन, म्हणजे कुठल्या भागात काय घडतं त्याचा थोडक्यात आराखडा, नव्यानं लिहावी लागली, आणि त्या लिखाणाचे वेगळे पैसे लेखकाला मिळाले नाहीत कारण करारात "लाँच सरकल्यास" असं काही नव्हतंच.

मालिका चालली. फार मोठी हिट नाही पण साडेदहाच्या मानानं चांगली, आणि मुख्य म्हणजे स्थिर. लक्ष्मीपूजनाच्या भागानंतर लोकलमध्ये बायका त्यावर बोलताना आमच्याच युनिटच्या मुलींनी ऐकलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा निरोप आला. १०४ वा भाग डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी होता. पण आमच्या जागी जी नवीन मालिका येणार होती तिची नायिका ठरत नव्हती, प्रोमोसुद्धा शूट झालेला नव्हता. तर पाच आठवडे वाढवा. २० भाग. जानेवारीच्या मध्यापर्यंत.

निर्मात्यांना हे हवं होतं आणि त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. सेट उभा, कपडे शिवलेले, गाणं तयार, सुरुवातीला सहा आठवडे खिशातून गेलेले, ते या २० भागांत भरून निघणार होते. दिग्दर्शकांना नको होतं. सगळ्यात मोठी अडचण ज्येष्ठ अभिनेत्यांची, ज्यांना सगळे काका म्हणायचे आणि ज्यांच्या पात्रावर अख्खी गोष्ट उभी होती. त्यांचा करार १०४ भागांचा. शनिवार-रविवारी त्यांचे नाटकाचे प्रयोग असायचेच, शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, आम्ही सोमवार ते शुक्रवारच त्यांना बोलवायचो, आणि डिसेंबरच्या मध्यापासून त्यांनी नाटकाच्या दौऱ्याला तारखा दिल्या होत्या. ते म्हणाले, "मी तुम्हाला शब्द १०४ चा दिला होता, तो पाळला. आता नाटकवाल्यांना दिलेला पाळू दे." यावर कोण काय बोलणार. करारात वाढीबद्दल एकच ओळ होती, "परस्पर संमतीने भागांची संख्या वाढवता येईल." किती दिवस आधी सांगायचं, वाढीव भाग त्याच पर्वात धरायचे की नाही, मूळ शेवट हलवायचा की नाही, यातलं काही नाही.

मी तेव्हा एक गोष्ट लावून धरली होती की १०४ वा भाग शेवट म्हणूनच जाऊ दे, आठवडाभर त्या स्लॉटला निवडक भाग पुन्हा दाखवा, आणि मग २० भाग वेगळ्या नावानं, वेगळ्या प्रोमोनं आणा. चॅनेलला आठवडाभर रिपीट मान्य नव्हतं. शेवटी काय झालं, तर १०४ व्या भागात खुनी पकडला गेला, शेवटची पाटी मात्र काढून टाकली, आणि सोमवारी १०५ वा भाग त्याच शीर्षकगीतानं सुरू झाला, त्यात नवीन प्रश्न की माजघराची भिंत बुजवायला त्याला मदत कुणी केली होती. मूळ लेखक तोपर्यंत दुसऱ्या कामाला लागला होता, हे २० भाग दुसऱ्या दोघांनी लिहिले, मेहनतीनं लिहिले, त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. पण काका नाहीत, खुनी तुरुंगात, आणि ज्या प्रश्नासाठी लोक सहा महिने जागले त्याचं उत्तर देऊन झालेलं. पहिल्या आठवड्याचा आकडा ठीक आला, दुसऱ्यापासून घसरण सुरू झाली ती संक्रांतीपर्यंत.

मग हे २० भाग कुठल्या सीझनचे?

हा प्रश्न आधी ॲपवर उभा राहिला. चॅनेलच्या ॲपवर तोपर्यंत "सीझन १" खाली भाग चढत होते, १०४ व्याच्या चित्रावर "अंतिम भाग" असं लिहिलेलं. १०५ वा आला तसा अपलोड करणाऱ्यानं तो त्याखाली लावला, पुढचेही तसेच. म्हणजे नव्यानं बघायला बसलेल्या माणसाला यादीत मधेच अंतिम भाग दिसतो आणि त्याखाली आणखी वीस. कितीतरी लोकांना वाटलं की भागांचा क्रम चुकलाय.

मी यावर खूप विचार केलाय आणि माझं मत असं आहे की पर्व संपलं की नाही हे तीन गोष्टींवरून बघावं लागतं. गोष्टीचा मुख्य प्रश्न सुटला का. काम आवरलं का, म्हणजे करार संपले, माणसं मोकळी झाली, सेट उतरला का. आणि पडद्यावर खंड पडला का. तिन्ही एकदम झालं तर वादच नाही. भांडण होतं ते एखादीच गोष्ट झालेली असते तेव्हा, आणि त्यात सगळ्यात फसवा असतो खंड. मार्च २०२० मध्ये सगळ्या मालिकांची शूटिंग बंद पडली, नवे भाग यायला जुलै उजाडला, पण त्याला नवीन पर्व कुणी म्हटलं नाही, कारण प्रश्न तेच होते आणि माणसंही तीच. तिकडे ब्रेकिंग बॅडच्या पाचव्या सीझनचे ८ भाग २०१२ ला लागले आणि ८ भाग २०१३ ला, मध्ये जवळपास वर्ष गेलं, तरी सीझन एकच. सोप्रानोजच्या सहाव्याचं तेच, २००६ ला १२ भाग, २००७ ला ९. यात गोष्टीइतकाच कराराचाही भाग असतो, कारण नवीन सीझन म्हटलं की मानधनाची बोलणी नव्यानं करावी लागतात. आणि आकडा गोष्टीच्या काळावर जात नाही, लागण्याच्या क्रमावर जातो हे आपल्या मराठी प्रेक्षकाला कुणी शिकवावं लागलं नाही. रात्रीस खेळ चालेचं पहिलं पर्व २०१६ चं, दुसरं २०१९ ला आलं आणि ते गोष्टीत मागे गेलं, अण्णा नाईकांच्या जुन्या काळात, तरी ते दुसरंच, आणि लोकांनी ते पहिल्यापेक्षाही जास्त उचलून धरलं. बिग बॉस मराठीचं पाचवं पर्व २०२४ ला १०० ऐवजी ७० दिवसांतच उरकलं, तरी ते पूर्ण पर्व, कारण विजेता मिळाला, घर रिकामं झालं.

आमच्या २० भागांना हे लावून बघा. प्रश्न सुटलेला होता. मुख्य कलाकाराचा करार संपलेला, मूळ लेखक बाहेर. खंड मात्र एका दिवसाचाही नाही. म्हणजे आतून ते नवीन पर्व होतं आणि बाहेरून जुनंच, आणि प्रत्येकानं आपल्याला सोयीची बाजू धरली. लेखकाच्या करारात होतं की नवीन सीझन झाल्यास कथेचं मानधन नव्यानं ठरेल. तो म्हणाला माझी पात्रं घेऊन नवीन गोष्ट केलीत, तर हा नवीन सीझन. निर्माते म्हणाले नाव तेच, स्लॉट तोच, भागांचे आकडे सलग, तर जुनाच. दोघंही खोटं बोलत नव्हते. मी लेखकाच्या बाजूनं होते आणि तसं सांगितलंही, कारण भागांचे आकडे सलग ठेवायचं त्यानं ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप झालं होतं, आणि आपोआप झालेल्या गोष्टीवरून माणसाचे पैसे ठरू नयेत. आमच्याकडच्या कुणीतरी त्याला समजवायचा प्रयत्न केला की एवढ्यासाठी संबंध कशाला बिघडवतोस. संबंध त्याच्यामुळे बिघडलेच नव्हते.

दोन वर्षांनी ॲपवाल्यांनी विचारलं की या मालिकेचा दुसरा सीझन करायचा का, दहा भागांचा, दिग्दर्शक तेच, काका हवेतच. सगळ्यांना आनंद झाला, आणि पहिल्याच बैठकीत त्यांच्या वकिलांनी विचारलं, हा दुसरा का तिसरा? कारण तिसरा असेल तर दुसऱ्याचे हक्क कुणाकडे ते कागद दाखवा, आणि दुसरा असेल तर २० भागांत मेलेलं एक पात्र नव्या गोष्टीत जिवंत कसं. लेखकाला पुन्हा बोलवायचं तर आधी त्याचं जुनं देणं मिटवायला हवं. चार महिने यात गेले. मिटलं ते एका पानाच्या कागदावर, तिघांच्या सह्या: सीझन १ म्हणजे भाग १ ते १०४. १०५ ते १२४ हे वेगळ्या नावाचं स्वतंत्र प्रकरण, त्यातल्या घटना पुढच्या सीझनला बंधनकारक नाहीत. पात्रं वापरल्याबद्दल लेखकाला ठराविक रक्कम, पूर्ण कथेच्या मानधनापेक्षा कमी, पण नाव आणि हक्क त्याचे. ॲपवर ते २० भाग वेगळ्या ओळीत गेले, १०४ वर आता खरोखर शेवटची पाटी आहे, मूळ एडिटमधली, ती आमच्या हार्ड डिस्कवर होतीच. नवीन सीझनला २ हा आकडा मिळाला, आणि त्याचे बाहेरचे सीन या वेळी पावसातच केले.

त्यानंतर आमच्या प्रॉडक्शनच्या प्रत्येक मराठी करारात मी एक पान घालायला लावते. त्यात पर्वाचा मुख्य प्रश्न एका वाक्यात लिहिलेला असतो आणि तो कुठल्या भागात सुटणार तेही. लाँच चार आठवड्यांहून जास्त सरकला तर नव्यानं लिहिण्याचे पैसे लेखकाला वेगळे. मुख्य प्रश्न सुटल्यानंतर लागलेला कुठलाही भाग त्या पर्वात धरायचा नाही, त्याला वेगळं नाव आणि वेगळे करार. वाढ करायची तर कमीत कमी १३ भागांची, त्याहून छोटी नको, कारण पाच-सात भागांत लिहिणारा फक्त वेळ काढू शकतो. आणि कलाकारांच्या डेट्सचा तक्ता सणांच्या तारखांसकट जोडलेला, एक तक्ता ठरलेल्या लाँचचा आणि एक सहा आठवडे सरकलेल्या लाँचचा.

गेल्या वेळी चॅनेलनं यातलं जवळपास सगळं मान्य केलं. अडलं ते वाढीची सूचना किती आधी द्यायची यावर. आम्ही आठ आठवडे मागितले होते, ते चारवर थांबले, कारण चॅनेलचं म्हणणं की पुढच्या मालिकेचं काय होणार हे त्यांनाच आठ आठवडे आधी माहीत नसतं. ते खरंही असेल, पण चार आठवड्यांत आमच्याकडे १६ भाग उरतात, त्यातले निम्मे बँकमध्ये तयार असतात आणि शेवटाकडे नेणारे सीन शूट झालेले असतात. पुढच्या करारात आम्ही पुन्हा आठच मागणार आहोत.